मेळघाटची चार दिवसांची सहल आणि एक भोक पाडलेली खुर्ची

माणशी 16,800 रुपये. बडनेरा ते बडनेरा, तीन रात्री, चार दिवस. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘मेळघाटचं दुर्गम जंगल आणि आदिम कोरकू जीवनाचा थरारक अनुभव’. ‘आदिम’ आणि ‘थरारक’ एकाच ओळीत दिसल्यावर खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण वन्सं म्हणाल्या, "अगं, आपल्या दोघींचं वय मिळून सव्वाशे. झाला थरार तर झाला." पैसे भरले.

कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक तेवढं एक नाव टाळतात आणि दुसऱ्या कुणाकडे तेच पॅकेज घेतात. तिथल्या लोकांशी बोलल्यावर कळलं की पॅकेजं सगळी थोड्याफार फरकानं सारखीच असतात. म्हणून काय विचारून जावं, ते सांगते.

मी मूळची अकोल्याची, लग्नानंतर डोंबिवलीची. 32 वर्षं एका सहकारी बँकेत जमाखर्च जुळवला, ती खोड अजून गेलेली नाही, पुढे दिसेलच. मेळघाटात याआधी कधी उतरले नव्हते, पण लहानपणी दर उन्हाळ्यात त्यातून जायचे. मामा खंडव्याला. अकोल्याहून मीटरगेजची गाडी निघायची. अकोट, हिवरखेड झालं की वान रोडपासून जंगल सुरू. धुळघाटजवळ गाडी डोंगराला असा वळसा घ्यायची की मघाशी ज्या रुळांवरून आलो तेच रूळ पुलाखाली दिसायचे. आम्ही पोरं खिडकीत एकमेकांच्या अंगावर पडायचो. मधल्या एखाद्या लहानशा स्टेशनावर बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन चढायच्या आणि आपसात बोलायला लागायच्या. मराठी, हिंदी, वऱ्हाडी, मामाकडची निमाडी, सगळं कानावरून गेलेलं; पण या बायकांचं एक अक्षर कळायचं नाही. आई म्हणायची, "कोरकू आहेत त्या, इथल्या आदिवासी." मला वाटायचं, कोरकू म्हणजे काहीतरी कोरून काढणारे लोक.

2017 च्या सुरुवातीला ती गाडी बंद झाली. ब्रॉडगेज करायचं तर रूळ व्याघ्र प्रकल्पातून जातात, म्हणून मार्गाचा वाद कित्येक वर्षं चालला. ते बायकांचं बोलणं मात्र माझ्या कानात राहून गेलं होतं, आणि मी गेले ती त्यापायी.

पहिला दिवस झटपट सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. कल्याणहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस, पहाटे बडनेरा, तिथून नऊ जणांची गाडी. परतवाड्याला नाश्ता (कचोरी चांगली, चहा गोड मिट्ट), मग घाट चढून चिखलदरा. उंची साधारण 1,100 मीटर, हवा छान, आणि विदर्भात कॉफी पिकते ती इथेच. गाविलगड किल्ला ऐसपैस आहे. 15 डिसेंबर 1803 ला आर्थर वेलस्लीनं तो भोसल्यांकडून घेतला, तोच पुढे वॉटर्लूवाला वेलिंग्टन. आम्हाला किल्ल्यासाठी 40 मिनिटं दिली होती. दीड हजार पावलांत मी जेमतेम एक दरवाजा पाहिला. विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ धावत जाऊन तोफ पाहून आले आणि चार दिवस तेच सांगत होते.

त्या संध्याकाळी होळी होती. पत्रकात छापलेलं होतं, ‘रिसॉर्टच्या हिरवळीवर कॅम्पफायर आणि पारंपरिक कोरकू नृत्य’. हिरवळीवर खुर्च्या मांडल्या. साडेसात झाले, आठ झाले, नर्तक काही येईनात. शेवटी व्यवस्थापकानं येऊन सांगितलं की नाचणारी मंडळी आज येणार नाहीत, त्यांच्या गावात होळी आहे. आणि स्पीकरवर सिनेमातली गाणी लावली.

मेळघाटात कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण होळी, हे पॅकेज विकणाऱ्याला ठाऊक नसावं, याला काय म्हणायचं? दिवाळीनंतर वीटभट्टीवर, बागांत, बांधकामावर पोटासाठी बाहेर गेलेले लोक काहीही करून होळीला घरी येतात. रोजगार हमीची कामं, शाळेची हजेरी, सगळं त्या आठवड्यात थंडावतं. आणि यांनी नेमक्या त्याच रात्री त्यांना घाट चढून यायला सांगितलं होतं, आम्हाला त्यांचा सण दाखवायला! वन्संनी पान लावलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आले नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटला."

दुसऱ्या दिवशी सेमाडोहच्या बाजूला उतरलो. आता खरा मेळघाट. साग, ऐन, धावडा, हळदू, मध्येच पांढऱ्या सालीची सालई, पानं गळून डोंगर उघडे, आणि त्या उघड्या डोंगरावर पळस पेटलेला. सगळा व्याघ्र प्रकल्प मिळून सुमारे 2,700 चौरस किलोमीटर. देशात पहिल्यांदा जे नऊ प्रकल्प निघाले त्यातला हा एक. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार अशा पाच नद्या इथून निघून तापीला मिळतात. सेमाडोहहून आमच्याबरोबर गाडीत एक वाटाड्या बसला, पंचविशीतला, कोरकू. त्यानं पहिल्या दहा मिनिटांत सांगितलेली गोष्ट मला आवडली: सिपना म्हणजे त्यांच्या भाषेत साग. सागाची नदी. नकाशावर हे नाव मी कित्येकदा वाचलं होतं.

आणि मग फगवा सुरू झाला. वळण घेतलं की रस्त्यावर आडवा बांबू, आणि त्याच्या मागे बाया आणि पोरी गाणं म्हणत उभ्या. फगव्याचे पैसे द्या आणि पुढे जा. धुळवडीपासून चार-पाच दिवस हे असंच चालतं, एसटीलाही सूट नाही. कंपनीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या यादीत सनस्क्रीन, बॅटरी, डासांचं मलम, टोपी, सगळं होतं. ‘दहा-दहाच्या नोटा आणा’ एवढं नव्हतं. चालक अमरावतीचा, तिसऱ्या बांबूला वैतागला, हॉर्न वाजवायला लागला. मग वन्सं खाली उतरल्या. दोन्ही गुडघे बदललेली बाई, पण त्या पोरींच्या रांगेत शिरून दोन पावलं नाचल्या, पन्नासची नोट दिली आणि गालाला गुलाल लावून परत आल्या. त्यानंतर मी मोजले, मुक्कामापर्यंत 14 बांबू. सुट्टे पैसे शेवटी वाटाड्यानं स्वतःच्या खिशातून दिले. (ते आम्ही त्याला परत केले. कंपनीनं नाही.)

गावाचं नावही लिहीत नाही. तीन घरांत मिळून पाहुण्यांच्या नऊ खाटा आहेत, उद्या नव्वद लोक जाऊन उभे राहायचे. गाव मात्र असं की पाहताक्षणी कळावं, हे कोरकूंचं. मधून रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर तोंड करून घरांची सरळ रांग. मातीनं लिंपलेल्या कुडाच्या भिंती, खाली गेरूचा पट्टा, अंगण इतकं स्वच्छ की चप्पल घालून जायला लाज वाटावी. गावाच्या कडेला मुठवा देवाचं ठाणं. गुरं राखणारे ठाट्या आणि दुधाचा धंदा करणारे गवळीही मेळघाटात आहेत, पण त्यांच्या वस्त्या निराळ्या दिसतात.

आता खुर्ची.

फॉर्म भरताना मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: एका व्यक्तीचे गुडघे बदललेले आहेत, खाली बसता येत नाही, कमोड हवा. उत्तर आलं होतं, ‘नोटेड मॅडम, वेस्टर्न टॉयलेट अव्हेलेबल’. घरापासून तीस पावलांवर संडास, स्वच्छ, पाण्याचा ड्रम भरलेला, पण साधा, बसका. वन्संचा चेहरा पडला. कंपनीच्या मुलाला फोन लावायचा तर गावात रेंज नाही. एका टेकाडावर उभं राहिलं की एक दांडी येते. मी टेकाडावर जाऊन वीस मिनिटं बोलले. तो म्हणाला, "मॅडम, ॲडजस्ट कर लीजिए, एक्स्पीरियन्स है."

खाली आले तर घरमालक अंगणात बसलेला. त्याच्यापुढे एक जुनी, पाठ तडकलेली प्लास्टिकची खुर्ची, आणि चुलीत विळा लाल होत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. वन्सं भिंतीला धरून कशा बसतात-उठतात ते त्यानं पाहिलं होतं तेवढंच. त्यानं खडूनं बैठकीवर गोल आखला. तापलेला विळा टेकवला की प्लास्टिक चर्र करून वितळायचं, निळा धूर निघायचा, वास असा की पोरं नाक दाबून पळत सुटली. विळा गार झाला की पुन्हा चुलीत. पाच-सहा फेऱ्यांत गोल सुटून खाली पडला. मग त्यानं कानशीनं कड घासली, स्वतःचा तळहात त्यावरून फिरवला, एका जागी टोचलं असावं, पुन्हा घासलं. शेवटी सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून कडेला गुंडाळून बांधली. खुर्ची उचलून संडासात नेली, हलत नाही ना हे दाबून पाहिलं आणि वन्संना म्हणाला, "आजी, देखो." वन्सं गेल्या, आल्या आणि म्हणाल्या, "डोंबिवलीतल्या आपल्या कमोडपेक्षा बरी आहे."

सगळं मिळून पाऊण तास लागला असेल. 16,800 रुपयांत मला मिळालेली सगळ्यात चांगली सेवा हीच.

जेवणाचंही गमतीचं आहे. पत्रकात ‘ऑथेंटिक ट्रायबल मिलेट थाळी’. ताटात आलं पनीर! घरमालकीण जरा ओशाळून म्हणाली, कंपनीनं सांगितलंय पाहुण्यांना पनीर लागतं. ते धारणीहून आणवलं होतं, आणि घरात फ्रीज नाही, म्हणून त्याच रात्री संपवायचं. मी विचारलं, तुमच्यात काय शिजलंय? मक्याची भाकर, तुरीचं वरण, लसणाची चटणी. आम्ही ते मागून घेतलं आणि पनीर पोरांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून कुटकी, म्हणजे बारीक दाण्याचं भरडधान्य, शिजवली. बारीक, मोकळा, किंचित कडसर भात. पातळ वरणाबरोबर फार चांगला लागतो. पण ती रोज खात नाहीत. कुटकी कांडायला वेळ लागतो, रेशनचा तांदूळ आयता मिळतो. पाहुण्यांच्या ताटात मात्र कुटकीच हवी, असा शहरातल्यांचा हट्ट. मीही मिटक्या मारत खाल्ली, तेव्हा मी कुणाला नावं ठेवू?

पहिल्या रात्रीच्या त्या पनीरच्या जेवणावर एक प्रसंग झाला. आमच्यातले एक डॉक्टर, ठाण्याचे, माणूस वाईट नाही. घरमालकिणीच्या कडेवर तिची दोन वर्षांची मुलगी. डॉक्टरांनी तिच्याकडे बघत मोठ्यानं विचारलं, "इथे कुपोषण खूप आहे ना?" जसं एखाद्याच्या घरी जाऊन विचारावं, तुमच्यात चोर कोण? ती बाई क्षणभर गप्प झाली. मग हिंदीत म्हणाली, "साडेदस किलो है इसका. आंगनवाडी में लिखा है, जाके देखो."

1993 साली इथले बालमृत्यू वर्तमानपत्रांत गाजले, तेव्हापासून मेळघाट म्हटलं की बाहेरच्यांच्या तोंडी हा एकच शब्द. प्रश्न खोटा नाही. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी कितीतरी वर्षं याच दुखण्यावर काढली, 2019 ला त्यांना पद्मश्री मिळाली. पोट दुखलं की बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके द्यायचे, त्याला डंबा म्हणतात, तेही इथलंच. पण ज्याच्या घरी जेवतोय त्याच्या लेकराकडे आकडेवारी म्हणून बघायचं नसतं, एवढं सांगायला कंपनीचा एक माणूस बरोबर हवा होता. तो चिखलदऱ्याच्या रिसॉर्टमध्येच थांबला होता.

त्या रात्री नाच झाला. पत्रकात नव्हता. आम्ही खाटांवर आडवे झालो होतो आणि साडेदहाला ढोल वाजायला लागला. बाहेर येऊन बघतो तर रस्त्याच्या मधोमध माणसांचं अर्धं कडं, बायकांचं अर्धं कडं, हात एकमेकांच्या कमरेमागे गुंतवलेले. दोन पावलं पुढे, एक मागे, गुडघ्यात हलका झोका. ढोल आणि एक बासरी. एकच चाल, अर्धा तास तीच. आपल्याला वाटतं आता बदलेल, मग बदलेल. ती बदलत नाही, आणि मग हळूहळू आपलंच काहीतरी त्या चालीवर यायला लागतं. आमच्यातल्या तरुण जोडप्यानं गोल दिवा लावून चित्रीकरण सुरू केलं. ढोलवाला थांबला. कुणी ओरडलं नाही, रागावलं नाही, नुसता ढोल थांबला. वाटाड्यानं जाऊन त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, दिवा विझला, ढोल पुन्हा सुरू. शेजारच्या म्हातारबाबानं सिडू, म्हणजे मोहाची, पुढे केली. मी नुसता वास घेतला. वन्संनी काय केलं ते लिहीत नाही, त्यांच्या मुलानं हे वाचलं तर बरं दिसणार नाही.

पहाटे साडेचारला घरमालकिणीनं उठवलं. आदल्या दिवशी मी म्हटलं होतं, मोह वेचायला मलाही ने. मोहाची फुलं रात्री उशिरा टपटपायला लागतात ती उन्ह चढेपर्यंत. म्हणून अंधारातच जाऊन बसायचं. हंगाम नुकताच लागला होता. प्रत्येक झाड कुणाचं ना कुणाचं ठरलेलं. झाडाखालचा पाला आधीच झाडून ठेवलेला. काही लोक तो जाळतात, त्यातून वणवे लागतात आणि वनखात्याशी कटकटी होतात. ही झाडणारी होती. फुलं पिवळट, रसानं तट्ट, बोटांना चिकटणारी. वास गोड, आणि त्या गोडाच्या मागे किंचित उग्र. दहा मिनिटांत माझी कंबर बोलायला लागली. ती उकिडवी, एका लयीत, दोन्ही हातांनी.

अजून आम्ही हिंदीतच बोलत होतो, तीही अवघडून. फुलाखालून विंचवाचं पिल्लू निघालं आणि माझ्या तोंडून आपसूक वऱ्हाडी निसटली, "अवं माय वं, काय हाय हे!" ती थांबली. "बाई, तुम्ही अकोल्याकडच्या काय जी?" लगेच हसू, लगेच गप्पा. अकोटला तिची मावशी दिली आहे. व्याघ्र प्रकल्पातून कोहा, कुंड, बोरी ही गावं पहिल्यांदा उठवली ती तिकडेच अकोटच्या बाजूला नेऊन वसवली. मावशीचं सासर त्यातलंच. मी विचारलं, तिकडे बरं आहे का? म्हणाली, "शाळा हाय, दवाखाना हाय, रोड हाय. मोह नाई."

टोपल्या भरत आल्या तसं तिनं मोजायला सुरुवात केली. मिया, बारी, आफई, उफुन, मोनोय. मी तिच्या मागून म्हणत गेले. पोरं खिदळत होती. ‘आफई’ माझ्या तोंडातून नीट निघेना. मग पोरांनीच शाळा घेतली. डा म्हणजे पाणी. कुला म्हणजे वाघ. बाना म्हणजे अस्वल. सीटा म्हणजे कुत्रा, आणि कुत्र्यानं लगेच मान वर केली. पन्नास वर्षांपूर्वी गाडीच्या डब्यात न कळलेली भाषा मोहाच्या झाडाखाली पाच आकडे आणि चार शब्दांपुरती कळली. ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ लावलं की अनेकवचन. कोरण्याबिरण्याशी काही संबंध नाही, कोरकू म्हणजे माणसं.

ही भाषा शेजारच्या गोंडीसारखी द्रविड कुळातली नाही आणि मराठीसारखी आर्यही नाही. ती मुंडा कुळातली. तिची सख्खी भावंडं झारखंड-ओडिशाकडे, आणि ही एकटी इकडे सातपुड्यात. 2011 च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्या आसपास लोकांनी ती आपली म्हणून सांगितली, बहुतेक मध्य प्रदेशातले.

दिवसभर वाटाड्याबरोबर गावाच्या शिवारातून आणि लगतच्या जंगलातून फिरलो. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी फिरायला मनाई आहे, हे तिथे जाऊन वाद घालणाऱ्यांसाठी सांगते. हा मुलगा अफाट होता. चालताना बोलत नाही, थांबला की बोट दाखवतो. सागाच्या निष्पर्ण फांदीवर भर दिवसा, दहा वाजता, एक ठेंगणं, गुबगुबीत घुबड शेपटी हलवत बसलेलं. रानपिंगळा! 1884 नंतर हा पक्षी कुणाला सापडलाच नाही, नामशेष झाला असं जवळजवळ सगळ्यांनी धरून टाकलं होतं, आणि 113 वर्षांनी, 1997 मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. त्यानंतर शोध घेतला तेव्हा मेळघाटातही निघाला. आता हेच त्याचं मोठं ठाणं. मी वाटाड्याला ही कथा सांगितली. तो म्हणाला, "हमको किसी ने पूछा नहीं था, बाई. वो तो यहीं था."

चौथ्या दिवशी सकाळची सफारी. कंपनीनं परवान्यावर दोघांची नावं चुकवलेली, ओळखपत्रं जुळेनात, फाटकावर 50 मिनिटं गेली आणि सफारीचा सगळ्यात चांगला वेळ त्यात संपला. रानगवे दिसले, सांबर दिसली, अस्वलानं उकरलेलं वारूळ दिसलं. वाघ नाही. डॉक्टर म्हणाले, पैसे वाया. मेळघाट म्हणजे ताडोबा नाही, हो. दऱ्या खोल, डोंगर उभे, झाडी दाट. वाघ आहे, पण तुमच्यासाठी रस्त्यावर येऊन बसायला त्याला कारण नाही. वाघच बघायचा असेल तर इकडे येऊच नका. आणि आलात तर फाटकावरच्या स्थानिक मार्गदर्शकाला झाडांबद्दल विचारा, त्याची कळी कशी खुलते बघा.

आता जमाखर्च. निघताना मी घरमालकिणीला बाजूला घेऊन सरळ विचारलं, तुम्हाला काय मिळतं? माणशी रात्रीचे 700, जेवणासकट. वाटाड्याला दिवसाचे 500. आम्हा दोघींचे कंपनीनं घेतले 33,600. त्यातले घराला दोन रात्रींचे 2,800. वाटाड्याचे दोन दिवसांचे 1,000, तेही खरं तर नऊ जणांत मिळून, पण चला, सगळे आमच्याच नावावर धरू. झाले 3,800. म्हणजे शंभरातले अकरा रुपये गावात गेले, तेही सढळ हातानं मोजून. गाडी, डिझेल, रिसॉर्टची एक रात्र, सफारीचं शुल्क, कंपनीचा नफा, हे सगळं असतं, मला कळतं. पण जाहिरातीत जे विकलं ते रिसॉर्ट नव्हतं. विकली ती ही माणसं, ‘आदिम’ म्हणून. विकलेल्या मालाला अकरा टक्के मिळत असतील तर आमच्या बँकेत असा ताळेबंद कुणी पास केला नसता.

तारे द्यायचे तर कंपनीला दोन. त्यातला एक चालकाला, कारण पाचव्या बांबूनंतर तोही हसायला लागला. घराला पाच. वाटाड्याला माझ्याकडे सहावा असता तर दिला असता.

तुम्ही जाणार असाल तर पैसे भरण्याआधी तीन-चार गोष्टी तोंडी नाही, लेखी विचारा. घराला आणि वाटाड्याला नेमके किती देता? कंपनीचा माणूस गावात मुक्कामाला असतो का? संडास कसला आहे, त्याचा फोटो पाठवा. त्या आठवड्यात गावात सण, लग्न, यात्रा काही आहे का? होळीच्या सुमारास काटकुंभसारख्या ठिकाणी मेघनाथाची यात्रा भरते, उंच खांब उभा करतात, नवस फेडतात. ती बघायला जरूर जा, पण आपल्या वेळापत्रकात ती बसवायला सांगू नका. कंपनीशिवायही जाता येतं. परतवाड्याहून धारणीची एसटी सेमाडोह, हरिसालवरून जाते. सेमाडोहला आणि कोलकासला वनखात्याची राहण्याची सोय आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणात बसायचा वनखात्याचा निसर्गानुभव असतो, त्याची नोंदणी मात्र भराभर संपते. आणि दहाच्या नोटा न्या. वन्सं सांगतात, गुडघे बदललेल्यांनी सुद्धा जावं, खुर्ची आता तिथे कायमची आहे. घरमालकानं ती पुढच्या पाहुण्यांसाठी संडासाच्या मागे उलटी करून ठेवली आहे, पावसानं ट्यूब कुजू नये म्हणून.

परत आलो त्या रात्री बारा वाजले होते. आमच्या सोसायटीचा रात्रीचा वॉचमन झारखंडचा, दुमक्याकडचा, संथाल. सात वर्षं मी त्याला ‘कैसे हो’ यापलीकडे काही विचारलं नव्हतं. बॅगा उतरवून घेताना मी सहज म्हणून बघितलं, मिया, बारी, आफई. तो बॅग हातात तशीच धरून उभा राहिला. "आप गलत बोल रही हैं," म्हणाला, "मित, बार, पे." मी म्हटलं, उफुन. तो म्हणाला, "पोन." मी म्हटलं, मोनोय. तो हसायला लागला, "मोंडे." पुढचं मला येत नव्हतं, पोरांनी पाचपर्यंतच शिकवलं होतं. त्यानं लिफ्टचं दार पायानं अडवलं आणि पुढचा आकडा सांगितला, "तुरुई." दुसऱ्या दिवशी, वाटाड्या टेकाडावर यायच्या वेळी, मी त्याला फोन लावून विचारलं, तुमच्यात सहाला काय म्हणतात?

"तुरुय," तो म्हणाला. "काऊन जी?"